विहिरीकडे तोंड करून बसलेला कॅमेरा

पोईसर गावठाण, कांदिवली
मे महिना, न्याहारीनंतर लगेच

प्रिय भाऊ कीथ यास,

अंगणाच्या अलीकडून तुझा थोरला भाऊ बॅप्टिस्ट याचा नमस्कार, आणि तुला व फ्लेवियाला आशीर्वाद. देवाच्या कृपेनं आम्ही सगळे बरे आहोत. तुमची खुशाली कळवावी असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो, नाहीतर तुमची खुशाली मला रोज दिसते. तुझा डावा गुडघा दुखतोय हे मला ठाऊक आहे (पायरी उतरताना तू खांबाला धरतोस). फ्लेवियानं केस कापलेत हेही ठाऊक आहे (चांगले दिसतात, पण हे मी म्हटलं असं मॉनिकाच्या कानावर जायला नको). गुडघ्याला एरंडेल लाव. बाकी सगळं ठीक असावं अशी आशा करतो.

तुझ्या ओट्यावरून माझ्या ओट्यावर खारका फेकता येतील एवढ्या अंतरावरून माणूस पत्र का लिहितो, असं कुणी परका विचारेल. तुला कारण माहीत आहे. पाच पावसाळे झाले, आपण एकमेकांशी बोललेलो नाही. माझ्या पन्हळीचं पाणी तुझ्या ओट्यावर पडतं असं तू म्हणालास, तुझा ओटाच पुढे सरकून माझ्या पन्हळीखाली आलाय असं मी म्हणालो, मग दोघांनी डॅडींचं नाव मध्ये आणलं, आणि संपलं. (आपल्या बायकांनी, म्हणजे मॉनिका आणि फ्लेविया यांनी, या भांडणात पहिल्या दिवसापासून भाग घेतलेला नाही. दोघी मिळून लोणचं घालतात हे मला कॅमेरा लागल्यावर कळलं. आपण नक्की कोणाच्या वतीनं भांडतोय, हा विचार तेव्हा मनात आला होता, पण तो मी बाजूला ठेवला.)

पत्राचा विषय तोच कॅमेरा. बॅप्टिस्टनं भावावर नजर ठेवायला कॅमेरा लावला असं गावठाणात क्रूसापासून पिठाच्या गिरणीपर्यंत झालं आहे. ते साफ खोटं आहे. म्हणजे नजर ठेवली जाते हे खरं आहे, पण तसा माझा हेतू नव्हता. आणि आता त्या कॅमेऱ्यात मला जे दिसतंय त्यानं माझी झोप उडाली आहे, म्हणून हे सविस्तर लिहितो. माझ्या ॲन्ड्रियाचं लग्न या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आहे. विहीर तुझ्या वाटणीत आहे. आणि तुझ्या विहिरीपाशी गेले काही दिवस जे चाललंय, ते मला दिसतंय, कीथ.

आधी कॅमेरा कसा आला ते सांगतो, म्हणजे तुझा गैरसमज राहणार नाही. पलीकडच्या आळीत पाण्याच्या मोटरी चोरीला गेल्या, तुला माहीत आहेच. मग आपल्या मागच्या कंपाउंडच्या भिंतीवर कुणीतरी लाल रंगानं बाण काढून गेलं. बाण तुझ्या घराकडे, शेपूट माझ्या घराकडे. कुणी काढला, कशासाठी, काही पत्ता नाही. गावठाणात लाल बाण कोण काढतं हे सांगायला नको, दोन आळ्या सोडून बिल्डरचा जो टॉवर उभा राहिलाय तो आपण रोज मान वर करून बघतो. मॉनिका म्हणाली, पोरांनी काढला असेल. मी म्हटलं, पोरं बाण काढत नाहीत, पोरं बदाम काढतात. आणि मी स्टेशन रोडला कॅमेरे घ्यायला गेलो.

तिथे विकी नावाचा इसम भेटला. दुकान त्याचं, जीभही त्याचीच. मला एक साधा कॅमेरा हवा होता आणि त्यानं माझ्यासमोर इतके प्रकार मांडले, जसं काही मासळीबाजारात एक हलवा बघायला जावं आणि कोळणीनं सगळी टोपलीच ओतावी. एक लांबुडका, एक घुमटासारखा, एक मान फिरवणारा, एक उन्हावर चालणारा. मी प्रत्येकाची मान पिरगाळून पाहिली, दोनदा परत ठेवला, घराचा नकाशा कागदावर काढून दाखवला. (नकाशात तुझं घर काढलं नाही. राग म्हणून नव्हे, कागद संपला. हीच चूक पुढे भोवली.) शेवटी मी बोलणारा कॅमेरा घेतला. बोलणारा म्हणजे कुणी जवळ आलं की तो स्वतःच दरडावतो, आणि फोनवरचं एक बटण दाबून आपण बोललो तर आपला आवाज त्यातून बाहेर पडतो. विकी म्हणाला, “अंकल, तुम्ही गोव्याला बसून चोराला शिव्या घालू शकता. झकास माल आहे.” मला गोव्याला जायचं नव्हतं आणि शिव्या मी घरातूनही घालू शकतो, पण त्या क्षणी मला ते फार आवश्यक वाटलं.

विकी शिडी घेऊन आला. मी सांगितलं, माझं दार दिसलं पाहिजे, फाटक दिसलं पाहिजे. तो म्हणाला, डोन्ट वरी. वळचणीखाली भोकं पाडली (आपल्या आजोबांच्या सागवानी वाशाला, मी डोळे मिटून घेतले होते), वायर ओढली, कॅमेरा ठोकला, फोनवर चित्र आणलं. चित्रात तुझा ओटा, तुझी विहीर, तुझं माडाचं झाड आणि तुझा बनियन. माझं दार कुठे आहे? विकी माझ्याकडे अशा नजरेनं बघायला लागला की जणू मीच काहीतरी वेडगळ विचारलंय. “अंकल, कॅमेरा ज्या घरावर लावतो ते घर त्याला दिसत नाही ना. समोरचं दिसतं.” मग माझं दार दिसायला तो कुठे लावावा लागेल? त्यानं हात लांब करून तुझ्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे, बरोबर तुझ्या वेदीच्या खिडकीच्या वर. मी म्हटलं, राहू दे आहे तिथेच.

म्हणजे बघ, मी माझ्या घराच्या राखणीसाठी कॅमेरा आणला आणि राखण तुझ्या घराची चालू झाली. फुकट. दिवसभर फोन ओरडतो की हालचाल आढळली. हालचाल कसली, तर तुझा कोंबडा. तुझी लुंगी दोरीवर हलते. तू उठतोस, तू बसतोस, तू परत उठतोस आणि कशासाठी उठलो ते विसरून परत बसतोस (हे तुला पूर्वीपासून आहे, डॅडींनाही होतं, मलाही आहे). मॉनिका म्हणते, तुला बघायचं नसेल तर फोन बंद कर. मी म्हणतो, एवढा माल आणलाय तर वापरायला नको?

आणि क्रूसापुढच्या प्रार्थनेच्या संध्याकाळी जे झालं त्याबद्दल मी सगळ्या गावठाणाची माफी मागितली आहे, तुझी राहिली आहे, तीही इथेच मागून घेतो. दरवर्षी मे महिन्यात अंगणातल्या क्रूसापुढे सगळे जमतात, यंदाही जमले. क्रूस बरोबर मध्ये, म्हणजे तू तुझ्या बाजूला आणि मी माझ्या बाजूला उभा राहू शकतो, तेवढी सोय पूर्वजांनी करून ठेवली आहे. फादरांनी लितानी सुरू केली. बायका म्हणाल्या, “आम्हांसाठी विनंती कर,” आणि गुडघ्यावर बसल्या. एवढी माणसं एकदम हलल्यावर वळचणीतून आवाज आला, “सावधान! आप कॅमरे की निगरानी में हैं!” फादर थांबले. पुन्हा सुरू केलं. पुन्हा बायका म्हणाल्या, पुन्हा माणसं हलली, पुन्हा सावधान. मी फोन काढून बटणं दाबत होतो, चष्मा घरात, काही दिसत नव्हतं. तिसऱ्या-चौथ्या वेळेपासून म्हाताऱ्या बायकांनी तो आवाज चालीत धरला आणि प्रार्थना त्याच्यासकट पूर्ण झाली. मी खाली मान घालून उभा होतो. एकदाच वर पाहिलं तेव्हा तू तोंडावर रुमाल धरला होतास आणि तुझे खांदे हलत होते. इतक्या वर्षांनी तुला हसताना पाहिलं, त्यामुळे मला फार वाईट वाटलं नाही.

इथपर्यंत गंमत होती. आता गंमत नाही.

गेल्या आठवड्यात दुपारी फोन ओरडला. पाहतो तर विहिरीवर एक माणूस, डोक्यावर पिवळं हेल्मेट. तू त्याच्याशेजारी. त्यानं विहिरीत दोरी सोडली, वर ओढली, ओली किती झाली ते बघितलं, कठड्याभोवती टेप फिरवली. तू हातवारे करून काहीतरी सांगत होतास. आवाज येत नाही, नुसतं चित्र. (बोलणारा कॅमेरा आहे, ऐकणारा नाही. ऐकणारा वेगळा मिळतो म्हणे.) कीथ, पिवळं हेल्मेट घालून आपल्या अंगणात आजवर कोण आलंय? आंबे काढायलासुद्धा कुणी घालत नाही. ते घालतात फक्त ज्यांना इमारती बांधायच्या असतात ते. मला तो लाल बाण आठवला.

दोन दिवसांनी टेम्पो आला आणि विहिरीशेजारी डेब्रिजचा ढीग ओतून गेला. दगड, विटांचे तुकडे, माती. विहिरीच्या तोंडाशी डेब्रिज कशाला आणतात? मी मॉनिकाला विचारलं, ती म्हणाली मला काय माहीत, आणि फुगिया तळायच्या म्हणून पीठ मळायला लागली. मॉनिकाला माहीत नाही असं या गावठाणात आजवर काही झालेलं नाही. ती माझ्याकडे न बघता पीठ मळत होती, म्हणजे तिला ठाऊक होतं आणि मला सांगण्यासारखं नव्हतं, असा मी अर्थ घेतला.

आपल्या घरात त्या विहिरीच्या पाण्याशिवाय एक लग्न झालेलं नाही. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बँड लावून सगळी बिरादरी विहिरीवर जायची, उंबराचं पाणी भरायचं, त्या पाण्यानं नवऱ्याची किंवा नवरीची आंघोळ. आणि आपल्याकडे पहिली कळशी काकानं ओढायची. ॲन्ड्रिया लहान असताना तूच तिला काठावर उभं करून सांगायचास, की तुझी कळशी मी ओढणार, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही. ती ते विसरलेली नाही. परवा तिनं मला विचारलं, “डॅडी, कीथ अंकलला तू विचारलंस?” मी म्हटलं, विचारतो. (ती म्हणाली, कधी? मी म्हटलं, बँडवाल्यांचा फोन येतोय. फोन येत नव्हता.) शेर्विनच्या घरचे, म्हणजे तिच्या सासरचे, म्हणतात नळाचं पाणी घ्या, काय फरक पडतो. मला पडतो. माझ्या पोरीला टाकीचं पाणी घालून मी सासरी पाठवणार नाही.

काल संध्याकाळी तू एकटाच काठावर उभा होतास, आत बघत. मी फोन हातात धरून इकडे. मनात आलं, आत्ता बटण दाबावं आणि बोलून टाकावं. समोर उभं राहून जमणार नाही, पण कॅमेऱ्यातून जमेल, कारण बोलायचं मी आणि बघायचं तू वळचणीकडे. मी वाक्यं जुळवली. कीथ, विहीर बुजवू नकोस. एवढंच. बटण दाबलं. आणि वाक्याच्या जागी नुसता खोकला निघाला. तू दचकून वर बघितलंस. मी बटण सोडलं आणि फोन उशीखाली घातला, त्या फोनचाच दोष असल्यासारखा. तासाभरानं मॉनिका आल्याचा काढा घेऊन आली. मी विचारलं, हा कधी केलास? म्हणाली, फ्लेवियानं जास्त केला होता. मी प्यायलो. साखर कमी होती.

आणि आज सकाळी, म्हणजे मी हे लिहायला बसलोय तेव्हाच, ते हेल्मेट परत आलंय. सोबत दोन गडी, घमेली, फावडी. फोन टेबलावर उभा करून ठेवलाय, एक ओळ लिहितो आणि एकदा बघतो. आत्ता ते सिमेंटच्या गोणीवर बसून बिडी ओढताहेत. बिडी संपली की सुरू करतील. अक्षर खराब येतंय. मला भीती वाटते रे. विहीर गेली तर उद्या तू जाशील, घर विकून मीरा रोडला किंवा वसईला फ्लॅट घेशील, आणि मग माझ्या कॅमेऱ्यात काय, तर एक पत्र्याचं कुंपण. त्याच्याशी मी भांडू कसा?

जास्त काय लिहू. फ्लेवियाला नमस्कार, कोंबड्याला आवर.

तुझा भाऊ,
बॅप्टिस्ट

ता. क. – मूळ मुद्दा लिहायचा राहिलाच. विहीर तुझी आहे, तुला काय करायचं ते कर, माझं काही म्हणणं नाही. फक्त लग्न होईपर्यंत थांब. एक कळशी पाणी दे. ओढायला तू येणार नसशील तर निदान दोरी तुझी असू दे.

ता. क. २ – बिडी संपली. एका गड्यानं घमेलं भरलं. तो विहिरीकडे निघालाय. मी जातो.

ता. क. ३ – जाऊन आलो. आता घाम पुसून, शर्ट घालून लिहितोय (तू पाहिलंच असशील, मी बनियनवर आणि एकाच पायात चप्पल घालून धावलो). तू विहिरीच्या त्या बाजूला, मी या बाजूला. मग ते हेल्मेट माझ्याकडे वळलं. जवळून पाहिलं तर माणूस म्हातारा, मालवणकडचा गवंडी, नाव गुणाजी, आणि हेल्मेट घातलेलं ते तुझ्या माडावरचे नारळ डोक्यात पडू नयेत म्हणून. त्यानं विचारलं, “साहेब, कठडो केवढो उंच करूचो?” आणि तू आणि मी एकदम म्हणालो, “कंबरेएवढा!”

एकाच वेळी म्हणालो कारण दोघांनाही तेच आठवलं. माझ्या लग्नाच्या उंबराच्या पाण्याला क्लॅरिनेटवाला सूर लावता लावता मागे सरकला आणि क्लॅरिनेटसकट विहिरीत गेला होता. तू दोरी घेऊन उतरलास म्हणून वाचला. मला तेव्हाच कठडा वाढवायचा होता, मग ते राहून गेलं. गुणाजी म्हणाला, हेच तर हे साहेब आठवडाभर सांगताहेत, की पोरीच्या लग्नाला बँड येणार आहे, कठडा पक्का झाला पाहिजे, म्हाताऱ्या बायकांना उभं राहायला फरशी झाली पाहिजे, गाळ काढून पाणी स्वच्छ झालं पाहिजे. पोरगी कुणाची, ते त्याला माहीत नव्हतं. तो समजत होता तुझीच. तू माडाकडे बघत होतास, मी पण माडाकडे बघितलं. त्यानंतर तू आत गेलास, मी घरी आलो. एकमेकांशी आपण अजून बोललेलो नाही, हे लक्षात ठेव. जे बोललो ते गवंड्याशी बोललो. म्हणून हे पत्र पाठवतोच आहे, मॉनिकाबरोबर, फुगियांच्या ताटाखाली.

ता. क. ४ – मॉनिकानं ताट उचलायच्या आधी पत्र वाचून काढलं (मी देणार नव्हतो, तिनं विचारलं नाही). खोकल्यापाशी येऊन ती हसायला लागली ती खुर्चीत बसली. मग म्हणाली, लितानीच्या दुसऱ्याच दिवशी तिनं विकीला बोलावून कॅमेऱ्याच्या आवाजाची वायर काढून टाकली होती, फादरांना शब्द दिला होता. तेव्हापासून तो मुका आहे. काल मी बटण दाबलं त्यातून काहीच गेलं नाही. माझा खोकला तुझ्यापर्यंत आपला आपणच गेला, खिडकीतून, अंगणावरून.

म्हणजे कीथ, पाच पावसाळे मी इथे बसून नुसता बोललो असतो तरी तुला ऐकू गेलं असतं. मला फार वाईट वाटतंय. शनिवारच्या आदल्या संध्याकाळी बँड यायच्या आत ये, चांगला शर्ट घालून ये, पहिली कळशी तुझी. आणि विकी उद्या कॅमेरा काढायला येतोय, त्याला तुझ्या वेदीच्या खिडकीच्या वर एक भोक पाडू दे. माझं दार तिथूनच दिसतं.

पन्हळ मात्र आहे तिथेच राहील. ओटा तुझाच पुढे आलाय.